पुरुषांचं हळदीकुंकू

आमचे घरमालक बसून लघवी करायला लागले हे सगळ्या गल्लीला कळलं, कारण त्यांनी ते स्वतःच जिन्यात उभं राहून सांगितलं.

"फोरमन! ए फोरमन! सुन लो, आजपासून आपण बसून!"

मी वर चहा गाळत होतो. खालून मालकीणबाईंचा आवाज आला, "अहो, हळू बोला. शेजारी पोहे खाताहेत."

"खाऊ दे की. मी काय त्यांच्या पोह्यांत करतोय?"

असा माणूस. लाज, संकोच, खाजगी असलं काही त्यांच्याकडे शिल्लकच नव्हतं. एके काळी होतं, भरपूर होतं, आणि त्यानंच घात केला. ते सांगतो पुढे.

मी फोरमन कधीच नव्हतो. इंदूरच्या सांवेर रोडवर एका कारखान्यात जन्मभर फिटर होतो. पण मी वरच्या मजल्यावर राहायला आलो त्या दिवशीच मालकांनी मला बढती देऊन टाकली. आपल्या घरात साधा फिटर राहतो हे सांगायला त्यांना कमीपणा वाटत असावा. दूधवाल्याला ते सेठ म्हणत, इस्त्रीवाल्याला मॅनेजर. स्वतःला मात्र काही लावून घेत नसत. त्यांचं म्हणणं, आपल्याला खानदान पुरे.

खानदान म्हणजे काय, तर त्यांचे पणजोबा संस्थानाच्या हत्तीखान्यात होते. मालक ही गोष्ट सांगायला लागले की हातात नसलेला अंकुश फिरवायचे. "राजवाड्यावरून स्वारी निघाली की सगळ्यात पुढे हत्ती, आणि हत्तीबरोबर आमचे पणजोबा!" मालकीणबाई भाजी निवडता निवडता म्हणायच्या, "बरोबर नाही, मागे. लीद उचलणाऱ्यांची हजेरी घ्यायला." मालक मिशीवरून हात फिरवून ऐकलं नाही असं करायचे. मिशी मोठी झोकदार होती. बनियनवर पण ती शोभून दिसे.

अन्नपूर्णा मंदिराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुमजली घर. खाली ते दोघं, वर आम्ही दोघं. आता वर मी एकटा.

तर घात कसा झाला. बऱ्याच वर्षांपूर्वी मालकांना रात्री सारखं उठावं लागायचं. धार बारीक, आणि बाथरूममध्ये उभं राहून वाट बघणं. आमच्या गल्लीतल्या जुन्या डॉक्टरनं सांगितलं, वयाप्रमाणे पुरुषांची ती गाठ, प्रोस्टेट, वाढते. बहुतेक काही नसतं, पण बघून घेऊ. एक रक्ताची तपासणी करा, आणि इथे आडवे व्हा, मी बोट घालून बघतो.

मालक बूट घालून उभे राहिले. "आमच्या खानदानात कुणी दुश्मनाला पाठ दाखवली नाही."

"मी दुश्मन नाहीये हो," डॉक्टर म्हणाला.

"दोस्त असं मागत नाहीत."

आणि चालू पडले. रक्त पण नाही दिलं. मग पाठ दुखायला लागली. त्यांनी स्कूटरला दोष दिला. आधी स्कूटरची सीट बदलली, मग शॉकअप बदलले, मग स्कूटरच विकली. पाठ थांबेना. शेवटी मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा निघालं की त्या गाठीत कॅन्सर आहे आणि तो पाठीच्या हाडांत जाऊन बसलाय. मी होतो बरोबर. परत आम्ही ऑटोनं आलो. राजवाडा मागे गेला तेव्हा म्हणाले, "फोरमन, पाठ नाही दाखवली, म्हणून दुश्मन पाठीतूनच आला यार."

त्या दिवसापासून त्यांनी लाज सोडली. सोडली म्हणजे अगदी काढून फेकली. रोज सकाळी कोपऱ्यावरच्या पोह्यांच्या दुकानापुढे त्यांचं व्याख्यान सुरू झालं.

"डॉक्टर म्हणतात अक्रोडाएवढी असते. इंदूरात अक्रोड कोण बघतो?" असं म्हणून समोरच्या माणसाच्या प्लेटमधली कचोरी उचलायची. "जवानीत लिंबू असतं, म्हातारपणी ही अशी कचोरी होते. पेशाबाची नळी हिच्या मधून जाते. कचोरी फुगली की नळी दबते. समजलं? पण कचोरी मोठी म्हणजे कॅन्सर नाही, आणि कॅन्सर असला तर कचोरी मोठीच असेल असंही नाही. त्याचा आधी पत्ताच लागत नाही. म्हणून रक्त!" आणि कचोरी परत प्लेटमध्ये ठेवायची. ती मग कुणी खात नसे.

दुकानदार हात जोडायचा. "बाबूजी, आप के लिए घर भिजवा दूँ?"

"मेरे को नहीं, इनको ज़रूरत है," मालक लोकांकडे बोट दाखवायचे.

त्यांना दर काही महिन्यांनी पोटात घ्यायचं एक इंजेक्शन सुरू झालं. पुरुषपणाचा रस बंद करणारं. त्या रसावर तो कॅन्सर जगतो, म्हणून रसद तोडायची, असं मालक लढाईच्या भाषेत सांगत. पण रसद तुटल्यावर किल्लेदाराचे पण हाल होतात. जानेवारीच्या थंडीत मालकांना एकदम उकडायला लागायचं. गाल लाल, कपाळावर घाम. ते फ्रिजचं दार उघडून आत तोंड घालून उभे राहायचे.

मालकीणबाई म्हणायच्या, "मला हे व्हायचं तेव्हा हेच पंखा बंद करत होते. थंडी वाजते म्हणे."

"माफ कर," फ्रिजमधून आवाज यायचा. "बायका हे सांगत का नाहीत?"

"सांगितलं होतं. तुम्ही हत्तीवर होतात."

छातीवरचे केस गेले, जोर गेला, टीव्हीवर कुणाची सासू रडली की हे रडायला लागले. मिशी मात्र राहिली. आरशात बघून म्हणायचे, "मिशी आहे ना? बस. बाकी सामान काय, भाड्याचंच होतं."

माझी बायको असती तर खूप हसली असती. ती त्याच्या आधीच्या पावसाळ्यात गेली. छातीतली गाठ तिनं पदराखाली झाकून ठेवली होती. कुणालाच सांगितलं नाही, मलासुद्धा. मग सगळ्या तपासण्या झाल्या, फाइल जाडजूड झाली, आणि ती गेली. तेव्हा मी ठरवलं की पुन्हा दवाखान्याची पायरी चढायची नाही. माझ्यात काय असेल ते असू दे. सत्तरीला टेकलो होतो. कुणासाठी बघायचं?

मालकांना हे माहीत होतं. पोह्यांच्या दुकानावर ते सगळ्या इंदूरला उपदेश करायचे, पण डोळा माझ्यावर. मी चहा पिऊन उठायचो. मागून ओरडायचे, "फोरमन, रक्त!" मी म्हणायचो, "मेल्यावर काढा."

मग संक्रांत आली. खाली मालकीणबाईंचं हळदीकुंकू. दरवर्षी गुलाबपाणी शिंपडायचं काम माझ्या बायकोकडे असायचं. चांदीची गुलाबदाणी तिच्या माहेरची. आणि ती रिकाम्या हातानं वर येत नसे, बायका एकमेकींना जे वाण देतात ते घेऊन यायची. आमच्या घरातल्या वाट्या, साबणाच्या डब्या, मी चहा गाळतो ती गाळणी, सगळं वाणाचं. त्या संध्याकाळी खालून बांगड्यांचा आवाज यायला लागला तसं मी दार लावून घेतलं आणि रेडिओ मोठा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. मालक. डोक्याला फेटा, हातात तबक, तबकात गंध, अक्षता, तिळगूळ.

"या रविवारी गच्चीवर हळदीकुंकू आहे. पुरुषांचं. अगत्य येण्याचं करावं." आणि माझ्या कपाळाला गंध लावून मोकळे झाले.

"वाण काय देणार?" मी थट्टेत विचारलं.

"रक्ताची तपासणी. त्या गाठीची, पीएसए. लॅबवाला गच्चीवर येणार. वाण आहे, फुकट लुटायचं."

मी दार लावायला लागलो तर त्यांनी पाय मध्ये घातला. मी म्हटलं, "मालक, बायका विधवेला बोलवत नाहीत हळदीकुंकवाला. मी विधुर. मला कशाला?"

त्यांनी तबक खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "म्हणूनच ना भिया. त्यांचा कायदा त्यांच्यापाशी. आपल्या हळदीकुंकवात विधुराला पहिला मान."

मी तबकातला तिळगूळ उचलून तोंडात टाकला.

एवढ्यावर थांबले असते तर ते मालक कसले. नुसतं रक्त काढलं तर लोकांना कळणार कसं? म्हणून आधी सायकलींची फेरी काढायची ठरली. रविवारी सकाळी गल्लीतले सगळे म्हातारे सायकलींवर. निम्म्यांनी पंचवीस-तीस वर्षं सायकलला हात लावला नव्हता. कुणी नातवाची आणली होती, कुणी नातीची, गुलाबी, पुढे टोपली. एकाची सीट अशी टोकदार की तो तिच्यावर बसण्याऐवजी लटकलाच होता. फक्त माझी सायकल माझी होती, कारखान्यात जायची जुनी. मालकांना हाडांमुळे सायकल मना. ते पुढे ई-रिक्षात उभे, हातात भोंगा. "भाइयो और बहनो! बहनो नहीं, सिर्फ भाइयो!"

अन्नपूर्णेवरून राजवाडा, राजवाड्याला चक्कर, परत. खड्डे आमच्याकडे आहेतच. घामाघूम होऊन गच्चीवर चढलो आणि लगेच बाह्या वर करून बसलो. पहिला मान माझा. मालकांनी माझ्यावर गुलाबपाणी शिंपडलं. मी बघितलं तर हातात माझ्या बायकोची गुलाबदाणी. माझ्या कपाटातून कधी उचलली देव जाणे. मी हात पुढे केला आणि लॅबवाल्यानं रक्त काढलं. हे असं झालं. माझ्या मनात काही नव्हतं, गुलाबदाणीकडे बघत होतो म्हणून हात मागे घ्यायचा राहिला.

दोन दिवसांनी रिपोर्ट आले आणि गल्लीत हाहाकार. निम्म्या लोकांचे आकडे वर, माझासुद्धा! शिंपी देवापुढे बसला. एक जण मुलांना बोलवून घराच्या वाटण्या करायला लागला. मालक घरोघर जाऊन धीर देत होते, "घाबरू नका, मी आहे ना, माझं सगळं पोचलंय," आणि लोक जास्तच घाबरत होते.

शेवटी ते सगळे रिपोर्ट पिशवीत घालून मला घेऊन त्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. या बाई महाराष्ट्रातून इथे नोकरीला आलेल्या, वयानं लहान, मराठी एकदम शुद्ध. सुरुवातीला बाई माणूस बघून मालक खुर्चीत आक्रसून बसायचे. आता तेच त्यांना पेशाबाची इत्थंभूत हकीकत ऐकवत.

बाईंनी रिपोर्ट चाळले. "ही सगळी माणसं रक्त देण्याआधी काय करत होती?"

"सायकल चालवत होती," मालक अभिमानानं म्हणाले. "राजवाड्यापर्यंत!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, सायकलच्या सीटचा दाब नेमका त्याच गाठीवर पडतो. त्यानं आकडा वर जाऊ शकतो. दोन दिवस आधी सायकलला हातसुद्धा लावायचा नसतो. हे कुणी सुचवलं?"

मालक भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागले.

"आणि हे आजोबा ऐंशीच्या पुढचे आहेत. यांचं रक्त कशाला काढलंत? या वयात काही बारीकसं सापडलं तरी बहुधा त्यानं काही बिघडत नाही, उगीच घोर लागतो. ही तपासणी प्रसादासारखी वाटायची नसते. आधी ज्याच्या त्याच्याशी बोलायचं, फायदा-तोटा सांगायचा, मग ज्याला पाहिजे त्याची करायची."

"वाण म्हणून दिलं होतं," मालक पुटपुटले. त्यांना एवढं बारीक झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

काही आठवड्यांनी सगळ्यांचं परत रक्त झालं, सायकली कुलपात ठेवून. एकेकाचे आकडे खाली आले. शिंप्यानं पेढे वाटले. वाटण्या करणाऱ्यानं वाटण्या रद्द केल्या, त्यावरून मुलं अजून नाराज आहेत.

माझा आकडा खाली आला नाही.

मालकांनी तो कागद माझ्या हातात दिला नाही, स्वतःच धरून बसले. मी म्हटलं, "झालं तुमचं समाधान? मी म्हटलं होतं, मेल्यावर काढा." ते चिडले नाहीत. म्हणाले, "शिव्या दे. पण मॅडमनी सांगितलंय त्या मशीनमध्ये जाऊन ये." मी नाही म्हटलं. तर हा माणूस माझ्या दाराबाहेर जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसला. त्यांना जिना चढायची मनाई होती. उकडायला लागलं की तिथेच पंच्यानं वारा घ्यायचे. संध्याकाळी मालकीणबाई खालून म्हणाल्या, "भाऊजी, जाऊन या हो. नाहीतर मला यांचं जेवण वर आणून द्यावं लागेल, आणि माझे गुडघे दुखतात."

तर मी मालकीणबाईंच्या गुडघ्यांसाठी गेलो. एमआरआय झालं, सुईनं तुकडे काढले. त्या प्रकाराबद्दल मी काही लिहिणार नाही, मला अजून थोडी लाज आहे.

निघालं ते असं. कॅन्सर आहे, पण लहान, एका कोपऱ्यात, सुस्त. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सध्या औषध नाही, ऑपरेशन नाही. नुसतं लक्ष ठेवायचं. ठरल्या वेळी रक्त द्यायचं, म्हणजे जागा झालाच तर लगेच कळेल."

मालकच उसळले. "औषध नाही? मॅडम, एवढ्या नव्या नव्या तोफा आल्यात बाजारात! मला देता, आणि फोरमनला एक गोळी नाही?"

"काका, त्यांच्याकडे उंदीर आहे. उंदरावर तोफ डागली तर घरच पडेल."

"आणि माझ्याकडे?"

बाई जरा घुटमळल्या. "तुमचा हत्ती आहे."

मालकांची छाती फुगली. खोटं नाही सांगत. परत येताना रिक्षावाल्याला सांगितलं, पोह्यांच्या दुकानावर सांगितलं, बायकोला सांगितलं, "मॅडम स्वतः म्हणाल्या. हत्ती! अरे आमच्या घरात उंदीर कसा येईल?"

तेव्हापासून त्यांनी नियम केला. माझं रक्त द्यायचं असलं की दोन-तीन दिवस आधी माझ्या सायकलला त्यांची जाड साखळी आणि कुलूप. चावी जानव्याला. मी भांडायचो, "अहो, भाजी आणायचीय." ते म्हणायचे, "पायी जा. हत्ती पायीच चालतो."

नव्या तोफांचं त्यांना भारी वेड. इंजेक्शन पुरेना झालं तेव्हा रोजच्या गोळ्या सुरू झाल्या, त्या रसाला कॅन्सरच्या दारातच अडवणाऱ्या. दोन वर्षं छान गेली. मग त्या थकल्या. मग मालकांच्या रक्तातले जीन्स तपासले, एक वेगळी गोळी चालेल का बघायला. ती जीन्समध्ये दोष असेल तरच चालते, म्हणून यांना चालणारी नव्हती. मालकांनी त्यातूनही मोठेपणा काढला, "खानदानात काहीच दोष निघाला नाही," असं सांगत फिरले. मग मुंबईला जाऊन अणूचं इंजेक्शन घेतलं. ते औषध रक्तातून जाऊन कॅन्सरची पेशी नेमकी शोधतं आणि तिला चिकटून किरणं सोडतं. बाईंनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं, "काका, हे संपवणार नाही. वेळ देईल." मालक म्हणाले, "वेळच द्या. बाकी सगळं आहे."

तिथून आले ते हे पथ्य घेऊन. पाणी भरपूर, लघवी बसून, दोनदा फ्लश, आणि काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब. म्हणून ती जिन्यातली घोषणा. गल्लीत मुलं क्रिकेट खेळत असली की हे गॅलरीतून ओरडायचे, "दूर हटो! बाबा किरण छोड़ रहा है!" चेंडू आमच्या अंगणात आला तर मुलं घ्यायला येईनात. त्या महिन्यात मालकीणबाईंच्या कुंड्या शाबूत राहिल्या.

त्या इंजेक्शननं दिलेला वेळ त्यांनी पुरेपूर वापरला. आणखी एक संक्रांत केली. या वेळी सायकली नाहीत, नुसतं बसून बोलणं, ज्याला हवं त्यानं रक्त द्यावं, ऐंशीच्या पुढच्यांना फक्त तिळगूळ. डॉक्टरीणबाई स्वतः आल्या होत्या. त्यांना गंध लावायचं की कुंकू यावरून मालक-मालकीण यांच्यात गच्चीवरच जुंपली.

मग पाऊस संपता संपता ते अंथरुणाला खिळले. शेवटी शेवटी मी खालीच झोपायचो. एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, काही जबाबदारी सांगताहेत. म्हणाले, "फोरमन, ही खरं सांगते. पणजोबा मागेच चालायचे."

"असू दे मालक."

"मागे चालायला पण हिंमत लागते यार. हत्ती कधी वळेल काय नेम?" आणि हसले. मालकीणबाई उशाशी होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि पहिल्यांदाच म्हणाल्या, "नाही हो. बरोबर चालायचे. बरोबर."

दिवाळीच्या आधी गेले.

त्यानंतर मला काही सुचेना. वर मी, खाली मालकीणबाई, मध्ये जिना गप्प. माझं रक्त द्यायची वेळ संक्रांतीच्या सुमाराला येत होती. मी मनात ठरवून टाकलं की जायचं नाही. उंदीर आहे, राहू दे. ओरडणारं कोण आहे आता? दोन-तीन दिवस आधी एका सकाळी सराफाकडे जायला म्हणून खाली उतरलो. गुलाबदाणीचं तोंड दबलं होतं, ते ठोकून घ्यायचं होतं. सायकल काढायला गेलो तर तिला साखळी. जाड. कुलूप.

मालकीणबाई दारात तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सोमवारी रक्त आहे ना तुमचं?"

"वहिनी, मी नाही जाणार."

"बरं."

"चावी द्या."

"सोमवारी."

मी तिथेच उभा राहिलो, हातात गुलाबदाणी. त्या तांदूळ निवडत राहिल्या. कपाळ मोकळं होतं. दरवर्षी या दिवसांत त्या घरोघर बोलावणी करत फिरायच्या, आणि या वर्षी त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. कुणी बोलावणारही नव्हतं, ते मला बायकोच्या मैत्रिणींवरून माहीत होतं.

मी वाकून त्यांच्या ताटातले चिमूटभर तांदूळ उचलले आणि त्यांच्यापुढे धरले. "रविवारी गच्चीवर हळदीकुंकू आहे. अगत्य येण्याचं करावं."

"मला?" त्यांनी आता वर बघितलं. "मला कशाला आता, भाऊजी?"

"आपल्यात पहिला मान मागे राहिलेल्यांनाच. मालकांचा कायदा आहे."

त्यांनी ताट बाजूला ठेवलं. मग ओंजळ पुढे केली आणि अक्षता घेतल्या. रविवारी जरीची साडी नेसून, गुडघे धरत धरत गच्चीवर आल्या आणि सगळ्यांच्या आधी गुलाबपाणी घेतलं.

चावी मात्र त्यांनी सोमवारी, माझ्या दंडावरचा कापूस बघूनच दिली.